कूचबिहारची महाराणी सुनीती देवी : माहेर, विवाह आणि सासर

एकोणिसाव्या शतकातील बंगालच्या सामाजिक इतिहासात 6 मार्च 1878 या दिवशी झालेल्या एका विवाहाला जे महत्त्व प्राप्त झाले, ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या कौटुंबिक घटनेला लाभले असेल. वधू होती ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांची ज्येष्ठ कन्या सुनीती. वर होता उत्तर बंगालमधील कूचबिहार संस्थानचा अल्पवयीन राजा नृपेंद्रनारायण. वधूचे वय तेरा वर्षे पाच महिने आणि वराचे पंधरा वर्षे पाच महिने होते. या विवाहामुळे ब्राह्मो समाज दुभंगला, केशवचंद्रांच्या नेतृत्वाला उतरती कळा लागली आणि त्यावर लिहिले गेलेले वाङ्मय आजही संपलेले नाही. मात्र या वाङ्मयाचा बहुतेक भाग पित्याविषयी आहे. जिचा विवाह झाला ती मुलगी त्यात एक निमित्त म्हणूनच येते. वस्तुतः सुनीती देवी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगल्या, त्यांनी ग्रंथ लिहिले, राजवाडा सांभाळला, आणि त्यांच्या घरात मराठी राजकन्या सून म्हणून आली. महाराष्ट्राच्या दृष्टीने हे चरित्र अगदीच परके नाही.

सेन घराणे मूळचे हुगळीकाठच्या गरिफा गावचे, जातीने वैद्य आणि उपासनेने वैष्णव. घराण्याचा उत्कर्ष केशवचंद्रांचे आजोबा रामकमल सेन यांच्यापासून झाला. दरमहा आठ रुपयांवर छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करणारा हा तरुण पुढे टाकसाळीचा व बंगाल बँकेचा दिवाण झाला, एशियाटिक सोसायटीचा सचिव झाला आणि त्याने इंग्रजी-बंगाली कोशही रचला. कलकत्त्याच्या कोलुटोला भागातील सेनांचा वाडा त्या वैभवाचा साक्षी होता. केशवचंद्रांच्या मातोश्री शारदासुंदरी देवी याच वाड्यात वैधव्याची वर्षे कंठीत होत्या. त्यांनी सांगितलेली आत्मकथा बंगालीत उपलब्ध आहे आणि एकत्र कुटुंबातील विधवेचे जिणे समजून घेण्यासाठी तिच्याइतके प्रांजळ साधन दुर्मिळ आहे.

केशवचंद्रांचा स्वतःचा विवाह 1856 मध्ये जुन्या रीतीने झाला, तेव्हा पत्नी जगन्मोहिनी देवी अगदीच लहान होत्या. 1862 मध्ये केशवचंद्रांना आचार्यपद मिळाले. त्या प्रसंगी ते पत्नीला घेऊन जोडासांको येथील देवेंद्रनाथ ठाकुरांच्या घरी गेले, आणि पीराली ठाकुरांच्या घरी सून नेली म्हणून सेन कुटुंबाने या दांपत्याला घराबाहेर काढले. काही काळ ठाकुरांच्याच आश्रयाने राहून ते पुन्हा कोलुटोल्यात परतले. 30 सप्टेंबर 1864 रोजी सुनीतीचा जन्म झाला. अशा रीतीने तिचे बालपण परस्परविरोधी दोन जगांत गेले. एकीकडे आजीचे देवघर, व्रते आणि वैष्णव कीर्तन होते. दुसरीकडे पित्याभोवती जमणारा ध्येयवादी तरुणांचा मेळावा आणि 1872 मध्ये स्थापन झालेल्या भारत आश्रमातील सामुदायिक जीवन होते. या दोन्हींचे संस्कार तिच्यावर अखेरपर्यंत टिकले.

पुढील वादाचे मर्म कळण्यासाठी 1872 च्या तिसऱ्या कायद्याची हकीकत ध्यानात घेणे अवश्य आहे. ब्राह्मो पद्धतीने झालेले विवाह कायद्याच्या दृष्टीने वैध की अवैध, हा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा केशवचंद्रांनी स्वतंत्र विवाहकायद्यासाठी सरकारकडे आग्रह धरला. मुलीच्या विवाहाचे योग्य वय कोणते याविषयी 1871 मध्ये त्यांनी नामांकित डॉक्टरांची मते मागविली. मुंबईच्या प्रार्थना समाजाचे अध्वर्यू डॉ. आत्माराम पांडुरंग यांचाही मत देणाऱ्यांत समावेश होता. अखेरीस कायद्याने वधूसाठी किमान चौदा आणि वरासाठी किमान अठरा वर्षांची मर्यादा घातली. बहुपत्नीकत्व निषिद्ध ठरले आणि आंतरजातीय विवाहाला वाट मोकळी झाली. मात्र या कायद्याखाली विवाह करणाऱ्यास आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणताही धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. ही अट वरकरणी तांत्रिक वाटते, परंतु कूचबिहार प्रकरणात तिचे महत्त्व वयाच्या अटीहून कमी नव्हते, आणि टीकाकारांचे तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

कूचबिहारचे राज्य सोळाव्या शतकात उदयास आले. 1773 च्या तहाने ते इंग्रजांचे मांडलिक झाले. नृपेंद्रनारायण दहा महिन्यांचे असताना त्यांचे वडील 1863 मध्ये वारले, आणि संस्थानचा कारभार इंग्रज कमिशनरच्या हाती गेला. बालराजाचे शिक्षण बनारस व पाटणा येथे इंग्रज शिक्षकांच्या देखरेखीखाली झाले. त्याला विलायतेस पाठवावे ही सरकारची इच्छा होती. अंतःपुरातील राजमाता व आजी यांना ते मान्य नव्हते. पाठवायचेच तर आधी लग्न करून पाठवा, असा त्यांचा हट्ट होता. पूर्वीच्या राजांचे जनाने अनेक राण्यांनी भरलेले असत. नव्या राजाला एकच आणि सुशिक्षित पत्नी असावी असा अधिकाऱ्यांचा विचार, आणि अशी मुलगी त्या काळी ब्राह्मो कुटुंबातच मिळण्यासारखी होती. या अंतःपुराला अडाणी समजण्याचे कारण मात्र नाही. याच राजघराण्यातील वृंदेश्वरी देवी या राणीने ‘बेहारोदंत’ हे बंगाली पद्य रचले होते.

बोलणी 1877 च्या उत्तरार्धात सुरू झाली. केशवचंद्र त्याच सुमारास अप्पर सर्क्युलर रोडवरील नव्या घरात राहावयास गेले होते. या घराचे नाव लिली कॉटेज, बंगालीत कमल कुटीर. प्रारंभी त्यांनी मुलीच्या वयाची अडचण पुढे केली, आणि बोलणी काही काळ थांबलीही. पुढे सरकारकडून पुन्हा निकड आली. हा विवाह म्हणजे केवळ वाङ्निश्चय समजला जाईल, राजा लगेच विलायतेस जाईल, दोघे वयात आल्यावरच संसार सुरू होईल आणि मूर्तिपूजेचा कोणताही विधी होणार नाही, अशा अटींवर केशवचंद्रांनी संमती दिली. 1872 चा कायदा संस्थानी प्रदेशात लागू नव्हता. तो लागू असता तरी राजाला आपण हिंदू नाही असे लिहून देणे शक्य नव्हते, कारण तसे केल्यास गादीवरील त्याच्या व त्याच्या संततीच्या हक्काला बाध येण्याची भीती होती. याचा अर्थ असा की वर-वधू दोघेही कायद्याने ठरविलेल्या वयाचे असते, तरी हा विवाह त्या कायद्याखाली झाला नसता. केशवचंद्रांनी राजघराण्याचे स्थळ स्वीकारले त्याच क्षणी आपण घडविलेल्या कायद्याच्या कक्षेबाहेर पाऊल टाकले होते. वयाचा प्रश्न त्यानंतरचा.

कलकत्त्यात बातमी फुटताच खळबळ उडाली. निषेधाची पत्रे, सभा आणि वृत्तपत्रीय टीका यांचा पाऊस पडला. केशवचंद्रांनी त्यांतील बहुतेकांना उत्तर देण्याचे नाकारले. आपण ईश्वराच्या आदेशाने वागत आहोत ही त्यांची भूमिका अनुयायांना पटण्याऐवजी अधिकच खटकली. वऱ्हाड कूचबिहारला पोहोचल्यावर वेगळेच संकट उभे राहिले. राजपुरोहितांना हिंदू विधींवाचून विवाह मान्य नव्हता. केशवचंद्र विलायतेला जाऊन आले असल्यामुळे जातिबहिष्कृत ठरत, म्हणून कन्यादानाचा अधिकारही त्यांना नाकारण्यात आला आणि ते कार्य त्यांचे बंधू कृष्णबिहारी यांनी केले. लग्नाच्या रात्री विधींवरून उशिरापर्यंत वाद चालला, कलकत्त्याशी तारांची देवघेव झाली. केशवचंद्रांच्या बाजूच्या वृत्तांतांप्रमाणे होम झाला तो वधू निघून गेल्यावर, केवळ राजाच्या उपस्थितीत. विरोधकांच्या मते मूळ अटी पुरत्या धुळीस मिळाल्या होत्या. या वादात पित्याचा प्रामाणिकपणा, सरकारचा शब्द, पुरोहितांचा हेका या सर्वांचा ऊहापोह झाला. तेरा वर्षांच्या मुलीला काय वाटत होते हे विचारण्याचे कोणासच सुचले नाही, विरोधकांनाही नाही.

परिणाम लवकरच दिसून आले. त्या महिन्यातच भारतवर्षीय ब्राह्मो समाजाच्या मंदिरात वेदीचा ताबा कोणाकडे यावरून पोलीस बोलाविण्यापर्यंत मजल गेली, आणि 15 मे 1878 रोजी शिवनाथ शास्त्री, आनंदमोहन बसू, उमेशचंद्र दत्त, दुर्गामोहन दास आदींनी साधारण ब्राह्मो समाजाची स्थापना केली. मराठी वाचकाला येथे 1873 सालच्या पुण्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते महादेव गोविंद रानडे यांनी प्रथम पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला, तेव्हा तेही असेच टीकेचे धनी झाले होते. परंतु रानडे यांच्यावर वडिलांचे दडपण होते, केशवचंद्र स्वतःच पिता होते. दोन प्रसंगांतील हा फरक लहान नाही.

याच वर्षी पंडिता रमाबाई आपल्या बंधूंसह कलकत्त्यास आल्या. अनंतशास्त्री डोंगरे यांनी थोरल्या मुलीच्या बालविवाहाचा दुःखद अनुभव घेतल्यावर धाकटीचे लग्न लहानपणी करण्याचे नाकारले होते. त्यामुळे वयाच्या विसाव्या वर्षी ही अविवाहित विदुषी संस्कृतात व्याख्याने देत फिरत होती. रमाबाई केशवचंद्रांच्या घरी गेल्या, तेव्हा त्यांनी रमाबाईंना अंतर्गृहात नेऊन पत्नी व मुलींशी ओळख करून दिली. त्या मुलींत नुकतेच लग्न झालेली सुनीतीही होती. विवाहावरून चाललेल्या टीकेचा उल्लेख रमाबाईंनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात केला आहे, पण निवाडा दिलेला नाही. त्या घराने दाखविलेला स्नेह मात्र त्यांनी आवर्जून नोंदविला. वेदांचा अभ्यास केला आहे काय, या केशवचंद्रांच्या प्रश्नाला रमाबाईंनी स्त्रियांना तो अधिकार नाही असे परंपरेचेच उत्तर दिले, आणि निरोप घेताना त्यांच्या हाती एका वेदाची प्रत पडली. एका मुलीला वेद देणारा आणि स्वतःच्या मुलीला तेराव्या वर्षी राजवाड्यात देणारा, असा हा एकच मनुष्य होता. रमाबाईंनी पुढे 1880 मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला तो केशवचंद्रांच्या प्रयत्नांतून झालेल्या 1872 च्या कायद्याखालीच.

लग्नानंतर राजा विलायतेस गेला आणि सुनीती कलकत्त्यास माहेरी राहिली. 1880 मध्ये दोघांचा संसार सुरू झाला. वाङ्निश्चयाची अट निदान एवढ्यापुरती पाळली गेली, हे केशवचंद्रांच्या टीकाकारांनीही मान्य करावयास हवे. 1883 मध्ये नृपेंद्रनारायणांना राज्याधिकार मिळाले आणि पुढच्याच वर्षी, 8 जानेवारी 1884 रोजी, केशवचंद्रांचे निधन झाले. जावयाची कारकीर्द पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही.

विवाहाचा निर्णय कसाही असो, संसार सुखाचा झाला. नृपेंद्रनारायण एकपत्नीव्रताने राहिले, नवविधान पंथाचा त्यांनी स्वीकार केला आणि जनान्याची जुनी प्रथा त्यांच्याबरोबर संपली. 1887 मध्ये कूचबिहारचा नवा युरोपीय धाटणीचा राजवाडा उभा राहिला. त्याच वर्षी महाराणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवासाठी हे दांपत्य इंग्लंडला गेले आणि सुनीती देवींना सी.आय.ई. हा किताब मिळाला. हा मान मिळविणारी ती पहिलीच भारतीय स्त्री होय. पुढल्या वर्षी झालेल्या मुलाचे नाव व्हिक्टर ठेवण्यात आले व सम्राज्ञी त्याची धर्ममाता झाली. कलकत्त्यात अलीपूरचे वुडलँड्स हे कूचबिहारकरांचे निवासस्थान गोऱ्या-काळ्या उच्चभ्रूंच्या भेटीगाठींचे केंद्र बनले. 1907 मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता क्लबचे पहिले अध्यक्षपद महाराजांकडेच आले. संस्थानात 1881 पासून मुलींची शाळा होती. ती आजही सुनीती अकॅडमी या नावाने चालते.

चार पुत्र व तीन कन्या असे अपत्यांचे मोठे कुटुंब होते, आणि त्यांच्या विवाहांकडे पाहिले म्हणजे 1878 च्या घटनेने या घराण्याला रूढ राजकीय सोयरिकींपासून किती दूर नेले हे उमगते. ज्येष्ठ कन्या सुकृती स्वर्णकुमारी देवींचे पुत्र ज्योत्स्नानाथ घोषाल यांना दिली, म्हणजे सेन घराण्याची नात ठाकुरांच्या नात्यात गेली. धाकट्या दोघी, प्रतिभा व सुधीरा, यांनी मँडर आडनावाच्या दोन इंग्रज बंधूंशी अनुक्रमे 1912 व 1914 मध्ये विवाह केले. हिंदू संस्थानिक या घरात मुलगी देण्यास वा येथील मुलगी करण्यास राजी नसत. जात वेगळी, पंथ वेगळा, रीतीभाती विलायती. कलकत्त्यात ज्यांच्या दारी गाड्यांची रीघ लागे, त्यांना सोयरे मिळणे मात्र कठीण होते.

या पार्श्वभूमीवर बडोद्याची सोयरीक घडली, आणि तीही मुलीच्या इच्छेने. सयाजीराव गायकवाड आणि चिमणाबाई यांची कन्या इंदिराराजे हिचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्याशी ठरला होता. माधवराव वयाने बरेच मोठे, आणि प्रथम पत्नी हयात असलेले. 1911 च्या डिसेंबरात दिल्ली दरबारासाठी सर्व संस्थानिकांचे तळ पडले होते. तेथे इंदिराराजेंची कूचबिहारचे द्वितीय राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशी भेट झाली. कूचबिहारच्या मुलींशी तिची मैत्री आधीपासूनच होती. तिने आईवडिलांना न विचारता माधवरावांना पत्र लिहून आपला नकार कळविला आणि त्यांची तार बडोद्यास येऊन थडकली तेव्हा कोठे घरात हा प्रकार कळला.

सयाजीरावांची पंचाईत समजण्यासारखी आहे. 1904 मध्ये त्यांनी आपल्या राज्यात बालविवाह प्रतिबंधक कायदा केला होता. चिमणाबाईंनी 1911 मध्येच भारतीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत एक सहलिखित ग्रंथ प्रसिद्ध केला होता. एवढी पुरोगामी परंपरा असूनही मुलीने स्वतः वर निवडावा, तोही एकवीस तोफांच्या सलामीच्या बडोद्याने तेरा तोफांच्या कूचबिहारमधून, ही गोष्ट त्यांना रुचली नाही. जातीचा आणि ब्राह्मो पंथाचा प्रश्न होताच. जवळजवळ दोन वर्षे विरोध चालला. अखेर ऑगस्ट 1913 मध्ये लंडनमध्ये नागरी नोंदणी आणि ब्राह्मो विधी यांनी विवाह झाला. वधूचे आईवडील अनुपस्थित होते. वधूचे वय एकवीस होते. पस्तीस वर्षांपूर्वी याच घराण्यातील वधूच्या वतीने सरकार, पिता, पुरोहित, वृत्तपत्रे असे सारे बोलले होते. या वेळी वधू स्वतःच बोलली आणि तेवढ्याने दोन संस्थानांचा बेत मोडला. सुधारकांच्या कायद्यांनी जे साधले नव्हते ते एका पत्राने साधले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल, कारण इंदिराराजेंच्या हाती लेखणी आली ती बडोद्यातील शिक्षणामुळेच.

सुनीती देवींच्या वाट्याला या सुखाचे दिवस फार आले नाहीत. महाराज 18 सप्टेंबर 1911 रोजी इंग्लंडमध्ये वारले. ज्येष्ठ पुत्र राजेंद्रनारायण अविवाहितच राहिले व 1 सप्टेंबर 1913 रोजी, धाकट्या भावाच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत, निवर्तले. नवदांपत्य अकस्मात महाराजा-महाराणी झाले. 1920 मध्ये हितेंद्रनारायण, 1922 मध्ये जितेंद्रनारायण आणि 1923 मध्ये प्रतिभा, अशी एकेक अपत्ये आईच्या डोळ्यांदेखत गेली. जितेंद्रनारायणांच्या मागे बालराजाच्या वतीने संस्थानचा कारभार इंदिराराजेंनी 1936 पर्यंत पाहिला. पतीच्या बालपणी सासवांच्या कलाने ठरलेले संस्थान आता एका मराठी सुनेच्या रीजन्सीखाली आले.

वैधव्याच्या काळातच सुनीती देवींचे बहुतेक इंग्रजी लेखन झाले. बंगालमधील डाकू व वाघ यांच्या गोष्टी, मोगल राजकन्यांच्या कथा, नऊ आदर्श भारतीय स्त्रियांची चरित्रे आणि यशोधरेचे चरित्र ही त्यांची पुस्तके आज फारशी वाचली जात नाहीत, आणि वाङ्मयीन गुणांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच आहे. 1921 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राची गोष्ट निराळी. भारतीय स्त्रियांच्या इंग्रजी आत्मचरित्रांत ते आरंभीच्या पुस्तकांपैकी एक होय. समारंभ, पोशाख, राजघराण्यांच्या भेटी यांनी त्याची पुष्कळ पाने व्यापली आहेत, आणि इंग्रज वाचकाला काय आवडेल याचे भान लेखिकेने कोठेही सोडलेले नाही. विवाहाच्या प्रकरणात मात्र सूर बदलतो. तेथे लेखिका पित्याची वकील होते. सरकारने शब्द फिरविला, स्वकीयांनी मत्सरापोटी साथ सोडली, पिता निर्दोष होता, हे ती परोपरीने मांडते. छपन्नाव्या-सत्तावन्नाव्या वर्षीही तो घाव भरलेला नव्हता. लग्नमंडपातील गोंधळ, थकवा, भीती यांची वर्णने येतात, परंतु तेही पित्याच्या छळाचे पुरावे म्हणून. स्वतःच्या बालपणाचा अकाली शेवट झाला अशी तक्रार त्यात नाही. सुखी संसाराने ती तक्रार उद्भवूच दिली नाही, असे मानता येईल. परंतु पित्याचा बचाव आणि स्वतःची तक्रार या दोन गोष्टी एकाच पुस्तकात मावण्यासारख्या नव्हत्या, हेही तितकेच खरे. आजी शारदासुंदरींची आत्मकथा शेजारी ठेवून हे पुस्तक वाचले म्हणजे फरक जाणवतो. आजीला कोणाचाही बचाव करावयाचा नव्हता, म्हणून तिचे दुःख मोकळेपणाने बोलते.

1929 मध्ये शारदा कायदा संमत झाला आणि सर्व धर्मांच्या मुलींसाठी चौदा व मुलांसाठी अठरा ही किमान वये ठरली. केशवचंद्रांच्या कायद्यातील आकडेच सत्तावन्न वर्षांनी साऱ्या देशाला लागू झाले. 10 नोव्हेंबर 1932 रोजी सुनीती देवींचे रांची येथे निधन झाले. त्यांच्या नातींपैकी इला त्रिपुराच्या राजघराण्यात गेली, मेनका देवासच्या धाकट्या पातीच्या पवारांकडे म्हणजे पुन्हा मराठी घरात आली, आणि गायत्री देवी 1940 मध्ये जयपूरच्या मानसिंहांची तिसरी पत्नी झाली. कूचबिहार 1950 च्या आरंभी पश्चिम बंगालचा एक जिल्हा झाले. अप्पर सर्क्युलर रोडला आता आचार्य प्रफुल्लचंद्र रोड म्हणतात. ज्या कमल कुटीरात 1878 च्या आरंभी सुनीतीच्या लग्नाची बोलणी पक्की झाली, तेथे केशवचंद्रांनी 1871 मध्ये सुरू केलेली मुलींची शाळा, व्हिक्टोरिया इन्स्टिट्यूशन, पुढे स्थिरावली.